सावजी मटणासोबत कोणती वाइन चालेल? आणि नाशिकहून बाटल्या आणायच्या तर वर्ध्याचं काय?

महालची_ताई (नागपूर)

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं लेकीकडे नाशिकला गेलो होतो. जावईबापू गंगापूर धरणाकडे सुलाची वाइनरी दाखवायला घेऊन गेले. 52 वर्षांच्या आयुष्यात मी तोवर वाइनचा थेंबही चाखला नव्हता. तिथे शेनिन ब्लाँ नावाची पांढरी वाइन थंडगार करून दिली. पेला नाकाशी नेला आणि पिकल्या पेरूचा वास आला, अगदी आमच्या जुन्या वाड्यातल्या झाडाचा. तेव्हापासून मला याची मनापासून गोडी लागली आहे.

इकडे परत आल्यावर यांच्या वाढदिवसाला मी सावजी मटण केलं. मसाला घरीच भाजते. खसखस, धने, दगडफूल, मिरे, लवंगा आणि भिवापुरी मिरची. दुकानदार म्हणाला, "मटण आहे ना, मग लालच न्या." त्याने शिराझ दिली, भारी किमतीची. दुसऱ्याच घासाला तोंडात जाळ झाला. तिखट दुप्पट लागायला लागलं, वर जीभ अशी आखडली की जणू कच्चं जांभूळ चावलं. हे काही बोलले नाहीत, पण पेला बाजूला सरकवला. अर्धी बाटली तशीच राहिली.

तर मला विचारायचं आहे की आपल्या नागपुरी जेवणासोबत कोणती वाइन घ्यावी? फक्त मटण नाही, वडाभात, पाटवडी रस्सा, भरीत, सगळंच. दुसरं म्हणजे जानेवारीत समृद्धीने गाडी घेऊन परत नाशिकला जायचा बेत आहे. येताना पाच-सहा बाटल्या आणाव्यात असं मनात आहे. दोघांकडेही दारूचा परवाना आहे, पण वाटेत वर्धा जिल्हा लागतो, तिथल्या दारूबंदीचं काय? आणि मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा त्या बाटल्या ठेवायच्या कुठे?

दिंडोरीचा_बागायतदार

ताई, वाइनच्या द्राक्षांची बाग आहे माझी, म्हणून लिहितो. तुमच्या मटणात काही चूक नव्हती आणि शिराझमध्येही नव्हती. लाल वाइन सालीसकट आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे सालीतला तुरटपणा तिच्यात उतरतो. त्याला टॅनिन म्हणतात. बिनमसाल्याच्या भाजलेल्या मांसाच्या चरबीवर हा तुरटपणा छान बसतो. "मटणाला लाल" हा नियम युरोपातल्या ताटावरून आला. तुमच्या ताटात मिरची आहे. मिरचीने सोललेल्या जिभेवर टॅनिन आणखी कोरडं लागतं, आणि शिराझमधलं 13-14 टक्के अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं.

म्हणून रंग विसरा, तिखट किती आहे ते आधी बघा. जेवढं तिखट जास्त, तेवढी वाइन थंड, किंचित गोडसर आणि बिनतुरट हवी. रिसलिंग नावाची पांढरी वाइन पहिल्यांदा घेऊन बघा, सुलाची मिळते. तुमची आवडती शेनिन ब्लाँसुद्धा चालेल. अगदीच लाल रंग हवा असेल तर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन घ्या. ती सालीवर थोडेच तास ठेवतात, त्यामुळे रंग येतो पण तुरटपणा येत नाही. बर्फाच्या पाण्यात बाटली वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि मगच ओता. नुसती गार असून भागत नाही, चांगली थंड पाहिजे.

जानेवारीत याच, पण शेवटच्या आठवड्यात या. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. सध्या मण्यात पाणी उतरायचं आहे, म्हणजे मणी अजून पिकायला लागलेले नाहीत. तोडणी जानेवारी अखेरीपासून मार्चपर्यंत चालते. तेव्हा बागेत उभं राहून मणी खाऊन बघा. खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचा, बियांचा, आणि गोडीला त्याहून जास्त. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, 22-24 भरल्याशिवाय आम्ही बहुतेक वाण तोडत नाही. तो मणी खाल्ला की पेल्यातली चव कुठून येते ते आपोआप कळतं.

एकाच वाइनरीवर थांबू नका. गंगापूर धरणाच्याच बाजूला यॉर्क आणि सोमा आहेत. इगतपुरीकडे मुकणे धरणाजवळ व्हॅलोने आहे, छोटी आहे पण तिथली व्हिओनिए ही पांढरी वाइन जरूर चाखा. आणि गाडी जो चालवणार असेल त्याने चाखून थुंकायचं. त्यासाठी भांडं मागून घ्या, कोणी नावं ठेवत नाही.

इतवारीचा_खवय्या

ताई, मी बागायतदार भाऊंशी अर्धाच सहमत आहे जी. सावजीसोबत वाइन मी चार-पाच वेळा लावून पाहिली, रिसलिंगसुद्धा. तोंड शांत होते, हे खरं. पण त्या तर्रीपुढे वाइनचा वास कुठच्या कुठे जाते. मग एवढे पैसे देऊन आपण काय पिऊन राहिलो? माझं मत असं की सावजीला भाकर, कांदा, लिंबू आणि नंतर ताक. वाइन जेवायच्या आधी घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

पण वडाभाताचं म्हणाल तर मी उठून उभा राहतो. वडे भातावर कुस्करले, वरून हिंग-मोहरी-लसणाची कडकडीत फोडणी, आणि सोबत सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन. ती आंबट, हिरव्या वासाची असते. तेलावर लिंबू पिळावं तसं काम करते. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागते. बुडबुड्यांची कोरडी वाइन, जिच्यावर ब्रूट लिहिलेलं असते, तीसुद्धा तळणासोबत एक नंबर.

पण शिराझवर फुली मारू नका. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, मिरची हात राखून, तेल सढळ, सोबत ज्वारीची भाकर. धुराचा वास आणि शिराझ, पहा करून.

संत्रा बर्फीसोबत लेट हार्वेस्ट शेनिन. त्यात द्राक्षं वेलीवरच जास्त पिकू देतात, म्हणून ती मधासारखी होते. गोड पदार्थासोबतची वाइन त्या पदार्थाहून गोड असावी लागते, नाहीतर आंबट लागते.

सेवाग्राम_रोड

वर्ध्याचं मी सांगतो, मी इथलाच. समृद्धी महामार्ग नागपूर सोडला की वर्धा जिल्ह्यातूनच पुढे जातो. नाशिकची रेल्वेही इकडूनच. आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, वाइन तिच्यात येतेच. नाशिकचं बिल आणि परवाना दाखवला म्हणजे सुटका होईल असं धरून चालू नका. बाटली पेटीबंद आहे, मी फक्त जिल्हा ओलांडतो आहे, असं रस्त्यावर समजावत बसायची वेळ येऊ नये. आणायचंच असेल तर आधी नागपूरच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन विचारा, आणि वाहतुकीसाठी काय लागतं ते लेखी घ्या.

फिरायला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. चंद्रपूरची बंदी 2015 ला लागली आणि 2021 ला उठली, म्हणून लोक ताडोब्याला निघताना बाटली ठेवतात आणि जांबवरून जातात. जांब आमच्या जिल्ह्यात आहे. उमरेड, भिवापूर, चिमूरवरून गेलात तर वर्धा लागत नाही. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, ती अजून आहे.

बंदीबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो. माझ्या आईसारख्या बायकांनी तिच्यासाठी मोर्चे काढलेत, म्हणून मला ती पाळलेली आवडते.

दिंडोरीचा_बागायतदार

सेवाग्रामकर भाऊ, बरं झालं सांगितलंत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तसंही ताई, मोठ्या वाइनऱ्यांचा माल नागपुरात मिळतो. इथे या, चाखा, नावं लिहून घ्या आणि तिकडे विकत घ्या. फक्त दुकानात बाटल्या उन्हाच्या काचेत मांडलेल्या असतील तर तिथून घेऊ नका.

उन्हाळ्यात साठवूच नका. लागेल तशी एक-एक आणा आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवा, लाल असली तरी. प्यायच्या अर्धा तास आधी लाल बाहेर काढा. कूलरच्या खोलीत दुपारी आणि रात्री तापमान फार वरखाली होतं, ते वाइनला सोसत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली तर शिजतेच. तिला मुरंब्याचा वास येतो. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते.

महालची_ताई (नागपूर)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सगळं करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

रिसलिंग आणली. मटण केलं, मसाला तेवढाच, एक मिरचीही कमी नाही. बाटली बर्फाच्या बादलीत ठेवली. इतवारीचे भाऊ म्हणतात तसं वास हरवतो, हे मलाही जाणवलं. पण घासानंतर घोट घेतला की जीभ धुतल्यासारखी होते आणि मग मसाल्यातलं दगडफूल वेगळं कळतं. इतकी वर्षं हा मसाला करते आहे, दगडफूल असं सुटं मला कधी लागलं नव्हतं. यांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला. माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. भाऊ, याबाबतीत आपलं जमायचं नाही.

वडाभाताला मात्र तुमचंच खरं. सोव्हिन्यों ब्लाँ नुसती प्यायली तेव्हा आंबट वाटली होती, फोडणीच्या तेलावर ती एकदम जागेवर बसली.

नवी शिराझ आणून भरितासोबतही पाहिली. थंडीची रात्र होती, वांगी गच्चीवर शेगडीत भाजली. शेजारच्या वहिनी, ज्या अशा गोष्टींना हातही लावत नाहीत, त्या नुसता वास घेऊन म्हणाल्या, याला मिऱ्याचा वास आहे. खरंच आहे! मी मात्र पहिल्यांदा फक्त जाळ पाहिला होता. संत्रा बर्फीचं राहिलं, लेट हार्वेस्ट मला अजून सापडली नाही.

सेवाग्रामचे दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. बाटल्या आणणार नाही. वही घेतली आहे, नावं लिहून आणेन आणि धरमपेठेत शोधेन.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघतो आहोत. बागायतदार भाऊ, घड तोडायची कात्री तिकडे मिळते, की घरून आणू?