शाळा विकास आराखड्यातल्या ‘गुणवत्ता’ रकान्यात नेमकं काय लिहायचं?

पालक_हवेली
नमस्कार. हवेली तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट 118, शिक्षक चार. शाळा व्यवस्थापन समितीतले पालक सदस्य बहुतेक नवीन. जुन्या आराखड्यात पत्रे, संरक्षक भिंत, मुताऱ्या यांवर तीन पानं आणि गुणवत्तेवर दोन ओळी: ‘सर्व विद्यार्थ्यांची शंभर टक्के प्रगती साधणे’ आणि ‘शिक्षकांनी विविध प्रशिक्षणे घेणे’. यंदा मोजता येईल असं काहीतरी लिहायचं आहे. मुलांच्या शिकण्याचं उद्दिष्ट कसं मांडावं? शिकवण्याचा दर्जा आराखड्यात आणला तर शिक्षकांना तो अपमान वाटेल का? आणि हे मोजायचं कुणी?

केंद्रावरून
आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे बैठकीत कुणी ‘हा तुमचा विषय नाही’ म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 समितीचं आणि कलम 22 आराखड्याचं. आराखडा समितीनेच करायचा असतो. तो तीन वर्षांचा, वर्षवार तीन भागांत. आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. मार्चमध्ये घाईने भरलेल्या प्रपत्रात भिंतीच येणार.

उद्दिष्टाचं म्हणाल तर ‘शंभर टक्के प्रगती’ खोडा. निपुण भारतची (केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाची) लक्ष्यं आयती आहेत: दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचन आणि 999 पर्यंत संख्या, तिसरीअखेर किमान 60 शब्द समजून वाचणं, 9999 पर्यंत संख्या आणि सोपे गुणाकार. पण हे वाक्य तसंच्या तसं उतरवूनही काही होत नाही. आज किती मुलं कुठे आहेत ते शेजारी लिहावं लागतं. समजा, तिसरीत 24 मुलं. अक्षरापाशी 3, शब्दापाशी 6, परिच्छेदापाशी 8, गोष्ट वाचणारी 7. मग उद्दिष्ट असं: ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अक्षरावरची तिन्ही मुलं शब्दावर, शब्दावरच्या सहापैकी किमान चार परिच्छेदावर.’

वर्गाची सरासरी कधीच लिहू नका. गोष्ट वाचणारी सात मुलं आणखी वेगाने वाचू लागली की सरासरी चढते, अक्षरावरची तिघं तिथेच राहतात आणि कागदावर सगळं छान दिसतं. शिष्यवृत्तीच्या यादीत किती पोरं झळकली हाही शाळेच्या गुणवत्तेचा आकडा नव्हे, कितीही फ्लेक्स लावले तरी.

तिसरी_ब
वरच्या आकड्यांना पूर्ण सहमती, पण वाचन मोजताना होणाऱ्या चुका सांगायला हव्यात. नाहीतर आकडे येतील आणि ते खोटे असतील.

उतारा पाठ्यपुस्तकातला नको. बालभारतीचे धडे मुलांना ऐकून ऐकून पाठ असतात, डोळे दुसरीकडे आणि तोंड चालू! 80 शब्दांच्या आसपासचा नवा उतारा घ्या, म्हणजे वेगाने वाचणाऱ्याचाही मिनिटभरात संपत नाही. मूल अडलं तर तीन सेकंद थांबा, मग शब्द सांगा आणि तो चूक धरा. स्वतःहून सुधारला तर बरोबर. 58 व्या शब्दापर्यंत पोचलं, चुका 7, म्हणजे 51. त्यानंतर उताऱ्यावर तीन-चार प्रश्न. त्यातला एक तरी असा हवा की ज्याचं उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं सापडत नाही.

आता मराठीची खास गोम. ‘घरासमोरच्या’ हा आपला एक शब्द, हिंदीत ‘घर के सामने वाले’ असे चार. त्यामुळे 60 हा आकडा उताऱ्यावर अवलंबून राहतो. जूनचा उतारा सुट्या शब्दांचा आणि डिसेंबरचा ‘त्यांच्याबरोबरच्या’ वळणाचा असेल तर मूल मागे पडल्यासारखं दिसतं. वर्षातल्या सगळ्या चाचण्यांचे उतारे एकदमच तयार करा. शब्दांची लांबी, वाक्यांची लांबी आणि जोडाक्षरांची संख्या साधारण सारखी ठेवा. चुकलेले शब्दही टिपून ठेवा. सातपैकी पाच चुका ‘सूर्य’, ‘पर्वत’, ‘गोष्ट’ अशा असतील तर त्या मुलाला वेगाचा सराव देऊन उपयोग नाही. रफार आणि जोडाक्षरं स्वतंत्रपणे घ्यावी लागतील.

तारखांचं एक. शाळा पालखीच्या वाटेवर असेल तर वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या आठवड्यात चाचणी ठेवू नका. निम्मा पट रस्त्यावर असतो, आणि असावाच.

हातचा_एक
गणिताकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. उद्दिष्टात ‘वजाबाकी येते’ असं लिहू नका, कोणती वजाबाकी ते लिहा. 52 − 27 द्या. 35 उत्तर आलं तर मूल निष्काळजी आहे असं समजू नका. त्याने सातातून दोन काढलेत, कारण ‘लहान मोठ्यातून काढायचा’ एवढंच त्याला पक्कं ठाऊक आहे. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणं दिली की तीच चूक वीसदा. दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये हातात द्या, त्यातून 27 मागा. नोट मोडल्याशिवाय सात देताच येत नाहीत, तिथे हातचा कळतो.

दुसरी अडचण वाचनाची. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात, म्हणून 72 लिहिलं जातं. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! थट्टा पुष्कळ झाली, पण अडचण खरीच आहे. चाचणीत अंक सांगून लिहायला लावा आणि लिहिलेला अंक वाचायलाही लावा. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

पालक_हवेली
वाचन-गणिताचं लक्षात आलं, आभार. शिकवण्याच्या दर्जाचं मात्र अजून अडलंय. बाई-गुरुजींना दुखवायचं नाही, आणि ‘प्रशिक्षणे घेणे’ हेही पुन्हा लिहायचं नाही.

खडूफळा
ताई, अपमान होतो तो मोघम लिहिल्याने. ‘अध्यापनाचा दर्जा सुधारणे’ म्हटलं की तो आत्ता वाईट आहे असं ध्वनित होतं. त्यापेक्षा वर्गात दिसणारी गोष्ट लिहा. नवं शैक्षणिक धोरण शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगतं; पण तास भरले म्हणून सोमवारी फळ्यासमोर काय बदललं ते त्यातून कळत नाही.

मुख्याध्यापकांनी 20 मिनिटं मागच्या बाकावर बसावं, हातात बैठकव्यवस्थेचा नकाशा. जे मूल एकटं बोललं किंवा वाचलं त्याच्या चौकोनात खूण. ‘समजलं का?’ – ‘होऽऽ’ याला खूण नाही. बहुधा खुणा पुढच्या दोन रांगांत आणि दाराजवळच्या एखाद्या बाकावर सापडतात. मग उद्दिष्ट असं: ‘भाषेच्या तासाला प्रत्येक मूल रोज किमान एकदा मोठ्याने वाचेल, निदान जोडीदाराला वाचून दाखवेल.’ दुसरं, कोणत्याही पाच वह्या उघडा. चुकलेलं उदाहरण मुलाने पुन्हा सोडवलंय का? नुसती लाल फुली म्हणजे वही तपासली गेली, मूल शिकलं असं नव्हे.

पाहिल्यावर शिक्षकांना एकच गोष्ट सांगायची आणि आठ-दहा दिवसांनी तेवढीच पुन्हा पाहायची. आणि हा कागद शिक्षकांच्या वार्षिक गोपनीय अहवालाला जोडायचा नाही, हे इतिवृत्तात लिहून घ्या. जोडला की पुढच्या वेळी सजवलेला तास बघायला मिळतो आणि टाचण मोत्यासारख्या अक्षरात.

केंद्रावरून
खडूफळा यांच्या म्हणण्याला एक अडचण. चार शिक्षक आणि पाच इयत्ता, म्हणजे एक जोडवर्ग आलाच. मुख्याध्यापक स्वतःच वर्ग घेत असतील तर मागे बसायला मोकळं कोण? शेजारच्या शाळेशी अदलाबदल करा किंवा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत हाच विषय घ्यायला सांगा. मोजण्याचंही तसंच: चाचणी वर्गशिक्षकांनीच घ्यावी, मात्र चिठ्ठ्या टाकून निवडलेली पाच मुलं दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी पुन्हा तपासावीत. दोघांच्या आकड्यांत फार फरक पडला तर उतारा आणि पद्धत बघायची, माणूस नव्हे.

वेळेचंही उद्दिष्ट लिहाच. पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाला चार तास. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात. ‘आजच्या आज माहिती भरा’ मात्र रोज येतं. ‘मधल्या सुट्टीपर्यंत ऑनलाइन माहिती भरायची नाही, फक्त भाषा आणि गणित’ असा ठराव समिती करू शकते. शिक्षकही तो आनंदाने मान्य करतील.

तिसरी_ब
एक राहिलं. तुमच्याकडे बांधकाम किंवा वीटभट्टीवरची मुलं मधेच येत-जात असतील तर दाखल झाल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची वेगळी चाचणी घ्या आणि तीच त्यांची सुरुवात धरा. नाहीतर डिसेंबरचे 24 आणि जूनचे 24 ही वेगळीच मुलं असतात आणि तुलना फसते. दर्शनी फळ्यावर फक्त संख्या लिहा, नावं नकोत. अक्षरावरची तिघं कोण ते त्यांच्या पालकांना बाजूला घेऊन सांगायचं.