मदत हवी आहे: डेथ व्हॅलीतली शंखजिऱ्याची बंद खाण बाबांना दाखवायची आहे

साळुंकी:
शनिवारी पहाटे निघायचंय, म्हणून कृपया आजच सांगा. बाबा नागपूरहून आलेत. त्यांची उभी नोकरी भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीज खाणींत गेली. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत शंखजिऱ्याच्या जुन्या खाणी आहेत हे कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. मला दोन गोष्टी हव्यात. खाणीपर्यंत गाडी जाते का? आणि बाबांचा प्रश्न असा: "तिथे सर्पेंटाइन, म्हणजे मॅग्नेशियमवाला हिरवा खडक, नाही म्हणतात, मग शंखजिऱ्याला लागणारं मॅग्नेशियम आलं कुठून?" यावर मला काहीच सांगता आलं नाही.

डोंगरवेडा:
कोणती खाण? तिकडे वॉर्म स्प्रिंग कॅन्यनमध्ये आहेत, साराटोगाजवळ आहेत, आयबेक्सकडेही आहेत. गाडी कोणती? निघणार कुठून?

खडीसाखर:
शंखजिरं म्हणजे टाल्कम पावडरचंच ना? लहान मुलं बरोबर असतील तर जाऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये टाल्क 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. आम्ही घरातली पावडर केव्हाच बंद केली.

साळुंकी:
मुलं नाहीत. वॉर्म स्प्रिंगची खाण. लास वेगासहून निघणार, भाड्याची साधी गाडी आहे.

नर्मदातीर:
बाबांना सांगा, शंखजिरं सर्पेंटाइनपासूनच होतं. उदयपूरजवळ ऋषभदेवला मी स्वतः पाहिलंय. हिरवा सर्पेंटाइन आणि त्यालाच चिकटलेलं शंखजिरं. डेथ व्हॅलीतही शोधलं तर सापडेल.

कातळवाट:
नर्मदातीर, ऋषभदेवचं बरोबर आहे, पण तोच एक मार्ग नाही. डेथ व्हॅलीत मॅग्नेशियम खुद्द डोलोमाइटमधलंच आहे. डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं कार्बोनेट. तिथल्या क्रिस्टल स्प्रिंग नावाच्या थरांत डोलोमाइटचे जाड पट्टे आहेत. सुमारे १०८ कोटी वर्षांपूर्वी त्यांत डायाबेसचा तप्त शिलारस आडवा घुसला आणि थरांमध्येच थिजला. आपल्याकडे भारतात याच खडकाला डोलेराइट म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे त्याच्या उभ्या भिंती दिसतात, त्या मात्र खूपच अलीकडच्या. इथे तो थरांना समांतर पसरला. त्याची उष्णता आणि सिलिका घेऊन आलेलं गरम पाणी डोलोमाइटला भिडलं, त्यातून शंखजिरं आणि कॅल्साइट झालं आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला. म्हणून शंखजिरं डोंगरभर सापडत नाही. जिथे काळा डायाबेस डोलोमाइटला टेकलाय त्या सीमेलगत सापडतं. बाबांना तीच सीमा दाखवा. खाण तिथेच का खोदली हे त्यांना कुणी सांगावं लागणार नाही.

नर्मदातीर:
म्हणजे राजस्थानचं खोटं?

कातळवाट:
नाही हो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. बाबांचा प्रश्न नेमका या दुसऱ्या वाटेबद्दल आहे, एवढंच.

डोंगरवेडा:
साधी गाडी अजिबात नेऊ नका. बॅडवॉटर रोड सोडला की पुढे सगळा कच्चा रस्ता, खडी आणि धुपलेले चर. उंच गाडी लागते. भाड्याच्या करारात बहुधा कच्च्या रस्त्याला मनाई असते, तेही वाचा.

पश्चिमवारा:
आम्ही अशा रस्त्यांवर सेडानच नेतो. हळू गेलं की काही होत नाही.

डोंगरवेडा:
तुम्हाला नाही झालं म्हणून दुसऱ्याच्या बाबांना तिथे अडकवू नका. फोनला रेंज नाही. आणि साळुंकी, सध्या जुलै चालू आहे! १९१३ च्या जुलैत तिथेच ५६.७ अंशांची नोंद झाली. बाबांचं वय काय?

साळुंकी:
७४. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तारीख आणि वय लिहायचं राहिलं, चूक माझी.

कातळवाट:
मग शनिवार रद्द करा, मनापासून सांगतो. नोव्हेंबरमध्ये जा. बाबा थांबणार आहेत का तोवर?

मीनाक्का:
शंखजिरं म्हटलं की मला आमच्या गल्लीतलं सायकलचं दुकान आठवतं. पंक्चर काढल्यावर ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून काका तीच पावडर चोळायचे. शिंप्याचा चपटा खडूही त्याचाच. नखाने ओढलं की रेघ उठते आणि बोटं साबण लावल्यासारखी गुळगुळीत होतात. साळुंकी, बाबांसाठी एखादा तुकडा नक्की आणा.

डोंगरवेडा:
आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, दगड उचलायला बंदी आहे. बोगद्यांतही शिरू नका, उघडं तोंड दिसलं तरी.

कातळवाट:
धुळीचंही लक्षात ठेवा. खडीसाखर यांची काळजी अगदीच अस्थानी नाही. तिथल्या शंखजिऱ्यात ट्रेमोलाइट नावाचं खनिज असतं आणि त्याचा तंतुमय प्रकार हा ॲस्बेस्टॉसच. पांढऱ्या ढिगाऱ्यांवर चढू नका, लांबून बघा. गंमत अशी की याच ट्रेमोलाइटमुळे तिथला माल भिंतीवरच्या टाइलसाठी चांगला समजत.

बाबांना इतिहासही आवडेल. १९३० च्या दशकात लुइझ ग्रँथम या बाईंनी तिथे खाणपट्टे घेतले आणि पुढे अनेक वर्षं खाण स्वतः चालवली. त्या काळात खाणमालक बाई! डेथ व्हॅली १९३३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय स्मारक झाली, पण त्याच वर्षी संसदेने तिथलं खाणकाम पुन्हा खुलं केलं. म्हणून संरक्षित जागेत ही खाण इतकी वर्षं चालू राहिली. आधी बोगदे होते, नंतर उघडे खड्डे खणले. १९७६ मध्ये उद्यानांतल्या खाणकामावर कायद्याने निर्बंध आले आणि १९९४ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान झाली. कामगारांची वसाहत अजून उभी आहे, पोहण्याच्या तलावासकट.

साळुंकी:
कातळवाट, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी वहीत काळा पट्टा, खाली पांढरा पट्टा असं काढलं, मधल्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग बोगदा या रेघेनेच गेला असणार." तलावाचं ऐकून त्यांच्या वसाहतीतली विहीर आणि तिच्यावरचा पंप आठवला, त्यावर अर्धा तास बोलत होते.

शनिवार रद्द केला. ते डिसेंबरपर्यंत आहेत. नोव्हेंबरमध्ये उंच गाडी घेऊन जाऊ, निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्ता खुला आहे का ते बघू. वेगासकडून त्या सुमारास कुणी येणार असेल तर निरोप करा. एका गाडीने जाण्यापेक्षा दोन गाड्या बऱ्या.

पश्चिमवारा:
मी येतो. पाण्याचे कॅन आणि हवा भरायचा पंप माझ्याकडे आहे.

डोंगरवेडा:
सेडान घरी ठेवून या.