जन्म-मृत्यू नोंदणीची फेलोशिप: साहेबांची परदेशवारी की कामाचं शिक्षण?

पानगळ:
काल इथे एकांनी लिहिलं की विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांना नोंदणीच्या फेलोशिप देणं म्हणजे फुकट परदेशवारी. तेवढ्या पैशात संगणक घ्यावेत. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्लूमबर्ग या दानसंस्थेच्या 'डेटा फॉर हेल्थ' उपक्रमात (2015 पासून) मेलबर्न विद्यापीठाने अशा फेलोशिप चालवल्या. मी तशाच एका फेलोशिपला जाऊन आले आहे. तिथे नुसती भाषणं ऐकायची नसतात, आपल्याच देशाची आकडेवारी घेऊन बसायचं असतं. मी आमचे तक्ते मांडले तेव्हा लक्षात आलं की कागदोपत्री जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे बाळं दगावतच नाहीत! वर्षानुवर्षं मीच ते तक्ते छपाईला पाठवत होते. शेजारी बसलेल्या माणसाने "हा रकाना रिकामा का?" असं विचारलं, तेव्हा पहिल्यांदा त्या रकान्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न संगणक विचारत नाही.

उंबरठा:
असहमत. तुमच्या रिकाम्या रकान्याचं उत्तर मी घरबसल्या देतो. माझ्या बहिणीचं बाळ नऊ तास जगलं. भावजी मृत्यूची नोंद करायला गेले, तर तिथले लोक म्हणाले आधी जन्माचा दाखला आणा. जन्माच्या खिडकीवर म्हणाले, बाळ गेलं ना, मग आता दाखला कशाला? तीन खेटे घातले आणि भावजींनी नाद सोडला. त्या बाळाची ना जन्माची नोंद झाली, ना मृत्यूची. यात मेलबर्नचं काय काम? खिडकीवरच्या माणसाला शिकवा.

आणि शिकून आलेला टिकतो कुठे? आमच्या ओळखीतले एक असेच प्रशिक्षण घेऊन परतले, सहा महिन्यांत मत्स्यव्यवसाय खात्यात बदली.

टाचण:
मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. खिडकीवरच्या माणसाने काय विचारायचं हे ठरवणारा नियम वरच्याच खुर्चीतून निघतो. बांगलादेशात जन्म-मृत्यू नोंदवायला कायद्याने 45 दिवसांची मुदत आहे, तरी लोक येत नव्हते. तिथल्या कालीगंजमध्ये घरोघर जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाच जन्म-मृत्यूची खबर निबंधकापर्यंत पोचवायला सांगितलं, तेव्हा नोंदी वाढल्या. कुटुंबाने खिडकीवर यायचं की खिडकीने कुटुंबाकडे जायचं, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

युनिसेफच्या 2024 च्या अहवालानुसार पाच वर्षांखालच्या सुमारे 15 कोटी मुलांची नोंदच नाही, आणि 5 कोटींहून अधिक मुलांची नोंद आहे पण हातात दाखला नाही. 2030 पर्यंत सगळ्यांना कायदेशीर ओळख द्यायचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेवलंय. नुसत्या संगणकांनी ते गाठता येईल?

रातराणी:
सगळे जन्मावरच बोलताय. मृत्यूच्या दाखल्यांवर काय लिहितात ते बघा कधीतरी. माझे वडील अकरा वर्षं मधुमेहाने झिजले, मूत्रपिंडं गेली, शेवटचं दीड वर्ष डायलिसिस. दाखल्यावर कारण: "हृदयक्रिया बंद पडणे". हृदय कुणाचं बंद पडत नाही? डॉक्टरांना दोन ओळी नीट लिहायचा कंटाळा.

नाइटड्यूटी:
कंटाळा? शब्द जपून वापरा. पहाटे तीन वाजता, खाली चार रुग्ण ताटकळलेले, नातेवाईक शववाहिनी दारात उभी करून कागद मागतायत, आणि मी त्या रुग्णाला आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. फाइल सापडत नाही. काय लिहू? हा फॉर्म कसा भरायचा हे मला डॉक्टरकी शिकताना पाच वर्षांत एकदाही कुणी शिकवलं नाही.

रातराणी:
वडिलांची फाइल त्यांच्या उशाशी होती. उचलायची तसदी कुणी घेतली नाही. दीड वर्ष त्याच इमारतीत जात होते ते, परके नव्हते.

टाचण:
भांडण थोडं बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्मात सगळ्यात वरच्या ओळीत शेवटची अवस्था येते, आणि ती कशामुळे झाली ते एकेक ओळ खाली उतरत लिहायचं. रातराणींच्या वडिलांचं असं झालं असतं: वर मूत्रपिंड निकामी, त्याखाली मधुमेहाने झालेला मूत्रपिंडाचा विकार, सगळ्यात खाली मधुमेह, अकरा वर्षं. आकडेवारीत धरतात ती ही तळाची ओळ. "हृदयक्रिया बंद" एवढंच लिहिलं की तो मृत्यू टाकाऊ संकेतांकात, म्हणजे खरं कारण न सांगणाऱ्या नोंदींत जातो, आणि देशाच्या तक्त्यात मधुमेहाचा एक बळी कमी दिसतो.

उंबरठा:
आणि बायकांचे मृत्यू? नवऱ्याच्या नावावर निवृत्तिवेतन असतं, जमीन असते, म्हणून त्याची नोंद होते. आजी गेली तेव्हा दाखल्याची गरज कुणालाच पडली नाही, म्हणून कुणी काढलाच नाही. सरकारी कागदावर ती अजून जिवंत आहे.

पानगळ:
हेच तर म्हणतेय मी! स्त्री-पुरुषांचे आकडे वयोगटाप्रमाणे शेजारी मांडले की हे एका पानावर दिसतं. पण मांडणारं माणूस लागतं.

नाइटड्यूटी:
रातराणी, तळाच्या ओळीत काय लिहायचं असतं हे मला आज कळलं. मी दोन वर्षं उलटा भरत होतो. वडिलांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, फाइल बघायला हवी होती. पण फेलोशिप साहेबाला देऊन मला हे कळणार नव्हतं. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात एक तास दिला असता तर कळलं असतं.

रातराणी:
राग गेला नाही. पण उत्तर दिलंत, तेवढं मानते.

उंबरठा:
ठीक आहे. फेलोशिप द्या. पण लेखी अट घाला: परतल्यावर किमान तीन वर्षं तीच खुर्ची, आणि पहिल्या वर्षात खिडकीवरच्या लोकांना शिकवायचं. एवढं होत असेल तर माझा विरोध नाही.

पानगळ:
अर्जावर सही करताना मी नेमकं हेच मागितलं होतं. मिळालं नाही, दीड वर्षात मला हलवलं. निघताना नव्या माणसाला तो रिकामा रकाना दाखवला, आणि नवजात बाळाचा जन्म व मृत्यू एकाच खिडकीवर, एकाच वेळी नोंदवायचा प्रस्ताव त्याच्या हातात दिला. गेल्या महिन्यात फोन केला होता. अजून मंजुरी नाही, पण तो त्याच खुर्चीत आहे.