विषय: यंदाची देणगी चाइल्डलाइनला का?

नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमातून उरलेली रक्कम यंदा चाइल्डलाइनला, म्हणजे इथे ब्रिटनमध्ये मुलांना फोनवर मदत करणाऱ्या सेवेला, द्यायचं घाटतंय असं कळलं. संस्था चांगली असेलच. पण टीव्हीवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी मांडणाऱ्या बाईंनी ती काढली, एवढंच मला ठाऊक आहे. आपले पैसे महाराष्ट्रातल्या एखाद्या आश्रमशाळेला का जाऊ नयेत?

— एक जुना सभासद, हॅरो (लंडन)

---

काका, नमस्कार.

तक्रारी मांडणाऱ्या बाई हे अगदी खरं, आणि माझ्या मते सगळं तिथूनच उगवलं. एस्थर रँटझन यांचा 'दॅट्स लाइफ!' बीबीसीवर १९७३ पासून १९९४ पर्यंत चालला. सगळा डोलारा प्रेक्षकांच्या पत्रांवर. साध्या माणसाचं पत्र आलं की त्याची शहानिशा व्हायची आणि भल्याभल्या कंपन्यांना जाब द्यावा लागायचा. मधूनमधून गाणी, थट्टामस्करीही असे. निकोलस विंटन यांनी दुसऱ्या महायुद्धाआधी प्रागहून ६६९ मुलं सुखरूप ब्रिटनला आणली होती; १९८८ साली त्यांतलीच काहीजणं, आता मोठी झालेली, प्रेक्षकांत त्यांच्या शेजारी बसली होती, तेही याच कार्यक्रमात.

याच कार्यक्रमातून १९८६ साली मुलांच्या छळाबद्दल लोकांना अनुभव विचारले आणि मदतीसाठी एक फोनलाइन उघडली. तिच्यावर मुलंच बोलू लागली, जी कुणाकडेच बोलली नव्हती. ती लाइन बंद करायची कशी? म्हणून ३० ऑक्टोबर १९८६ ला चाइल्डलाइन सुरू झाली. नंबर ०८०० ११११, लहानग्याच्याही लक्षात राहील असा. फोन फुकट, बिलावर दिसत नाही. बोलणं गुप्त राहतं; जिवाला धोका असेल अशा गंभीर प्रसंगीच पुढे कळवतात. २००६ पासून ती एनएसपीसीसी या मुलांचा छळ रोखणाऱ्या ब्रिटिश संस्थेचा भाग आहे. एकाकी वृद्धांसाठी रँटझन यांनी २०१३ साली सिल्व्हर लाइन ही फोनसेवाही काढली.

फसलेल्या गिऱ्हाइकाचं जसं कुणी मनावर घेत नाही, तसंच मुलाचंही. 'लहान आहे, काहीतरी बोलतंय' हे आपल्या घरांतही सर्रास चालतं, आणि 'घरातलं घरातच राहू दे' हे तर आपण फारच निष्ठेने पाळतो. इथे वाढणारी आपली मुलं याला अपवाद नाहीत. म्हणून मला ही देणगी परक्यांना दिल्यासारखी वाटत नाही.

आणि महाराष्ट्राचं म्हणाल, तर १०९८ ही भारतातली चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने उभी राहिली. रस्त्यावरच्या मुलांसाठी.

— मराठी शाळेतली शिक्षिका

---

ताई,

मुंबईचं माहीत नव्हतं. माझं अनुमोदन धरा. आश्रमशाळेचा विषय पुढच्या सभेत स्वतंत्रपणे मांडतो, तो सोडलेला नाही.

एक सुचवतो. नुसता चेक पाठवू नका. रविवारच्या शाळेत तो नंबर मुलांना सांगा, पण त्याआधी पालकांची बैठक घ्या. काही आईवडील बिथरतील. त्यांच्याशी बोलायला मी येईन.

— हॅरो