परत येणाऱ्या खेळाडूंना गुण कसे द्यायचे? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

यार्डमास्तर (प्रश्न)
हंगामाआधी एका एफबीएस (कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात वरचा स्तर) संघातल्या परत येणाऱ्या खेळाडूंना १० पैकी गुण द्यायचेत. सगळीकडे एकच वाक्य सापडतं: "आक्रमणात ७ स्टार्टर परत, बचावात ६." हेच धरलं तर गेल्या वर्षी सॅकवर सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) देणारी लाइनसुद्धा (क्वार्टरबॅकला आडोसा देणारे पाच जण) "अनुभवी" म्हणून भाव खाऊन जाते. क्वार्टरबॅकचे (पास टाकणारा) आकडे असे: ३०० पैकी १९० पास पूर्ण, २४०० यार्ड, २० टचडाऊन, ८ इंटरसेप्शन (बचावाने पकडलेले पास). धावण्यात १०० कॅरी (चेंडू घेऊन धावणं), २५० यार्ड. सॅक ३०, त्यात २०० यार्ड गेले. याला किती द्याल? आणि ऑफेन्सिव्ह लाइनवाल्यांना तर आकडेच नसतात, त्यांचं काय?

स्नॅपमोज्या
स्टार्टर मोजणं आधी सोडा. पहिल्या स्नॅपला (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एक डाव) मैदानावर होता एवढाच त्याचा अर्थ. १२ सामन्यांत आक्रमणाचे साधारण ८०० स्नॅप होतात, त्यातले ६०० खेळलेला आणि २५० खेळलेला हे दोघेही "स्टार्टर" म्हणून छापले जातात. प्रत्येक नावापुढे स्नॅप लिहा. ३०० च्या आत असतील तर गुणांपुढे प्रश्नचिन्ह टाका, गुण वाढवू नका.

आता क्वार्टरबॅक. कॉलेजच्या नोंदीत सॅक धावण्याच्या खात्यात जातो. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) तो संघाच्या पासिंगमधून वजा होतो. इथेच लोक फसतात. तुमच्या गड्याच्या १०० कॅरीतले ३० सॅकच आहेत. ते काढले की ७० कॅरीत ४५० यार्ड, म्हणजे कॅरीमागे ६.४. पाय चांगलेच आहेत, कागदावर २.५ दिसतात.

पासिंगमध्ये उलटं. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) सूत्राने (८.४ × यार्ड + ३३० × टचडाऊन + १०० × पूर्ण पास − २०० × इंटरसेप्शन, भागिले प्रयत्न) रेटिंग १४७.२ येतं. दिसायला झकास, पण त्यात सॅक धरलेलाच नाही. म्हणून टचडाऊनमागे २० यार्ड मिळवा, इंटरसेप्शनमागे ४५ आणि सॅकमध्ये गेलेले २०० वजा करा: २४०० + (२० × २०) − (४५ × ८) − २०० = २२४०. याला ३०० पास आणि ३० सॅक मिळून ३३० ने भागा. ६.८ यार्ड. ठीक आहे, झकास नाही. शिवाय ३३० पैकी ३० सॅक म्हणजे ९ टक्के, ६-७ पर्यंत चालून जातं. मी ६.५ देईन. एफसीएस (एफबीएसच्या खालचा स्तर) संघाविरुद्धचा सामना आणि निकाल लागून गेल्यावरचा चौथा क्वार्टर वगळून हाच हिशोब पुन्हा करा. तेव्हा ६.८ चा ६ झाला तर अर्धा गुण आणखी कापा.

लाइनवाला_७३
त्या ३० सॅकचा दोष कुणाचा, हे ठरवल्याशिवाय लाइनला गुण देऊ नका. स्नॅपपासून अडीच सेकंदांच्या आत पकडला गेला तर बहुतेक वेळा लाइनचा दोष. तीन सेकंदांच्या पुढे चेंडू धरून बसला तर क्वार्टरबॅकचा. मधले सॅक रिप्ले बघूनच वाटायचे.

पद्धत सोपी आहे, वेळ मात्र खाते. सगळ्यात तगड्या तीन प्रतिस्पर्ध्यांचे सामने घ्या, त्यातले फक्त तिसऱ्या डाऊनला (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) ७ किंवा जास्त यार्ड हवे असलेले पास बघा. तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की पास येणार, त्यामुळे प्ले-ॲक्शनचा (धावण्याचं सोंग करून पास) आडोसा मिळत नाही. एका स्नॅपला एकाच माणसाकडे बघा: पहिली दोन पावलं मागे नीट पडली का, हात रशरच्या (क्वार्टरबॅककडे धावणारा बचावपटू) छातीवर पडले की खांद्याबाहेर. हात बाहेर गेले की पुढे होल्डिंग (धरून ठेवल्याचा दंड), १० यार्ड. आपली नेमणूक निभावली की शून्य, हरला की वजा, जिंकला की अधिक. टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) टीव्हीवर बरे दिसतात. गार्ड आणि सेंटरचं (मधले तिघे) मात्र मागच्या बाजूचा रिप्ले मिळाला तरच बोला, नाहीतर जागा कोरी सोडलेली बरी.

दोन गोष्टी हमखास सुटतात. राइट टॅकल परत येतोय, पण यंदा लेफ्टला खेळवणार असतील तर स्टान्स (उभं राहण्याची ढब) आणि पावलं दोन्ही उलटतात. गेल्या वर्षीचे गुण जसेच्या तसे उचलू नका. आणि सेंटर गेला असेल तर चार जण परत येऊनही लाइन डळमळते, कारण ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) ओळखून कोण कुणाला धरणार हे बहुतेक संघांत तोच ओरडून सांगतो.

निकलपॅकेज
बचावात टॅकलच्या (इथे अर्थ चेंडूवाल्याला पाडणं) आकड्यावर कुणालाही मोठं करू नका. असिस्ट (टॅकलला हातभार लावल्याची नोंद) देण्यात यजमान संघाचे नोंदकर्ते कधी उदार, कधी कंजूष असतात. सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) टॅकलमध्ये संघात पहिला असेल तर बऱ्याचदा पुढची फळी गळतेय एवढंच कळतं.

कॉर्नरला (कडेला पास अडवणारा बचावपटू) इंटरसेप्शन आणि तोडलेले पास एकत्र धरा. साधारण चार-पाचात एक इंटरसेप्शन होतो. कुणाचे ६ इंटरसेप्शन आणि फक्त ४ तोडलेले पास असतील तर त्याला चेंडू फार मेहेरबान होते, यंदा आकडा खाली येणार. १ इंटरसेप्शन आणि १२ तोडलेले पासवाला जास्त भरवशाचा. एज रशरला (टोकावरून क्वार्टरबॅकवर धावणारा) सॅकपेक्षा प्रेशर (क्वार्टरबॅकवर दबाव आणल्याची नोंद) बघा. पाच-सहा प्रेशरमागे एखादा सॅक पडतो. फंबल (हातून निसटलेला चेंडू) उचलणं तर निव्वळ नशीब, त्याला शून्य गुण.

यार्डमास्तर
लाइनचं पटलं. पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलेले या तक्त्यात धरायचे का? आणि रेडशर्ट फ्रेशमन (पात्रतेचं वर्ष राखून बसवलेला नवखा)? किकर १८/२२ (२२ पैकी १८ फील्ड गोल) आहे, त्याला सरळ ८ देऊ?

स्नॅपमोज्या
पोर्टलवाल्यांचा वेगळा रकाना करा. त्यांचे स्नॅप खरे, पण दुसऱ्या पद्धतीतले. खालच्या स्तरावरून आलेल्याला निदान एक गुण कमी. रेडशर्ट म्हणजे कोरी पाटी असं समजू नका. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट टिकतो, त्यामुळे काहींच्या नावावर शे-दीडशे स्नॅप निघतात.

१८/२२ वरून काहीच ठरत नाही. ४० यार्डांच्या आत, ४० ते ४९ आणि ५० पुढे असे तीन भाग करा. चेंडू २५ यार्ड रेषेवर असेल तर किक ४२ यार्डांची, १७ मिळवायचे. चारही चुका ४५ पुढच्या असतील तर ८ द्या. दोन जरी ३५ च्या आत असतील तर ६.

लाइनवाला_७३
आणि होल्डर (किकसाठी चेंडू धरून ठेवणारा) कोण होता तेही बघा. बरेचदा तो पंटरच (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देणारा) असतो. पंटरची पात्रता संपली असेल तर किकर जुना, होल्डर नवा.