अनुभव धागा : परदेशी विमानाआधी लाऊंजमधले ते दोन-तीन तास

कणकवलीहून लिहितोय. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन भावाकडे दुबईला चाललोय, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास, विमान मुंबईतून पहाटेचं. आपलं कसं, मांडवी पकडली तरी मुंबईला पोचेपर्यंत रात्र होते, म्हणजे दिवस ट्रेनमध्ये आणि वर अख्खी रात्र विमानतळावरच्या खुर्चीत. बाबा ७१ चे आहेत, गुडघे धरलेत. लाऊंजचं, म्हणजे विमानतळाच्या आत कार्डावर किंवा पैसे भरून आरामात बसायची जी जागा असते तिचं, ऐकलंय पण आमच्या घरातलं कोणी कधी आत गेलेलं नाही. ज्यांनी अनुभवलंय त्यांनी लिहा. जेवायला काय होतं ते राहू दे, आत कसे गेलात, वयस्कर माणसांना कसं वाटलं आणि काय चुकलं ते सांगा.

देवगडहून :
बँकेच्या काही डेबिट-क्रेडिट कार्डांवर लाऊंजमध्ये सोडतात, आधी त्या कार्डाचं बघून घ्या. माझं कार्ड देशातल्या विमानांच्या लाऊंजला चालायचं, आंतरराष्ट्रीयला नाही, हे मला दारात उभं राहिल्यावर कळलं. दुसरं होतं त्यावर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला हवा होता, तो झाला नव्हता, आणि बँकेने हा नियम बदलल्याचं मला तरी नीट कळवलं नव्हतं. बायको आणि पोर बाजूला उभी, मागे रांग, फार वाईट वाटलं. बँकेला फोन करून तीनच गोष्टी विचारा, आंतरराष्ट्रीयला चालतं का, किती वेळा, आणि सोबतच्या माणसाचे पैसे पडतात का. कार्ड चालतंय का बघायला २ रुपये कापतात, त्याने घाबरू नका.

खेड, खाडीपट्टा :
माझे अब्बा २९ वर्षं कुवेतला होते. सुट्टी संपली की आम्ही सगळे गाडी करून रात्रभर हायवेने मुंबईला सोडायला जायचो, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत म्हणून बाहेरूनच हात करायचा आणि परत फिरायचं. आत गेल्यावर विमान लागेपर्यंत ते काय करतात हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नाही. गेल्या वर्षी त्यांना घेऊन उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला निघालो, जेद्दाहचं विमान होतं. एहराम, म्हणजे यात्रेचं बिनशिवलेलं पांढरं वस्त्र, विमान मीकातच्या म्हणजे यात्रेसाठी ठरलेल्या हद्दीत शिरायच्या आधी बांधायला लागतो, आणि विमानातल्या त्या एवढ्याशा बाथरूममध्ये ६८ वर्षांच्या माणसाला ते कसं जमणार ही मला काळजी. म्हणून लाऊंज घेतलं. कार्डावर मी एकटाच फुकट, अब्बांचे पैसे भरले. आत शॉवर होता, स्वच्छ टॉवेल, गरम पाणी. अब्बांनी निवांत गुसल केलं, एहराम बांधला, बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला बोलताच येईना. मग चहा घेताना ते आपणहून बोलले, म्हणाले मी गेटजवळ पाण्याच्या मशीनपाशी बसायचो, तुझ्या अम्मीने दिलेली तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खायचो, तिथला चहा महाग म्हणून कधी घेतला नाही. एवढंच बोलले. बाबांना नक्की घेऊन जा, पैसे भरायला लागले तरी भरा.

रत्नागिरीहून :
लाऊंजचा वेळ आमचा खोबऱ्याने खाल्ला! सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात म्हणून. बॅग उघडायला बोलावलं, त्यात पाऊण तास गेला. घरातच काढून ठेवा.

वेंगुर्ल्याहून :
आयेसाठी व्हीलचेअर सांगितली होती, तिकीट काढतानाच विमान कंपनीला सांगायची, वेगळे पैसे पडत नाहीत. इमिग्रेशन, सिक्युरिटी सगळं पटापट झालं, पण व्हीलचेअरवाले सरळ गेटवर नेऊन सोडतात, त्यामुळे लाऊंजला जायचंय हे पहिल्यांदाच सांगून ठेवा. तिला मऊ खुर्चीत बसवलं तर अर्धा तास टोकावरच बसून होती, मग हळूच विचारते, "गो बाय, हय बसलंय तर चलात मा? कोण उठवूचो नाय ना?" मी तिचे पाय वर घेऊन दिले आणि शाल घातली. दीड तास झोपली. बांधून घेतलेले घावन तिथल्या चहासोबत खाल्ले.

गुहागरहून, बोटीवर असतो :
एक महत्त्वाचं राहिलं. लाऊंजमध्ये विमानाची घोषणा बहुतेक होत नाही, मी एकदा असाच झोपलो आणि गेट बंद व्हायला पाच मिनिटं असताना धावत पोचलो. विमान सुटायच्या वेळेआधी वीसेक मिनिटं गेट बंद होतं, तेव्हा बोर्डिंगच्या वेळेचा गजर लावा आणि गुडघे दुखणारं माणूस असेल तर त्याच्याही आधी उठा, मुंबईत काही गेटं लांब आहेत. आणि लाऊंज नाहीच मिळालं तर जीव जाळू नका, दोहासारख्या ठिकाणी कनेक्शन असेल तर तिथे आडवं व्हायला शांत खोल्या फुकट असतात.

सावंतवाडीहून :
गोव्यातल्या मोपा विमानतळावरून तिकिटाचे दरही बघा. ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली तिथून, आम्ही घरून तासाभरात पोचतो. परदेशी विमानं कमी आहेत पण ट्रेनचा दिवस वाचतो, मग बाबांना लाऊंजची तेवढी गरज लागणार नाही.

कणकवलीहून :
मोपाचं बघितलं, तारखा जुळत नाहीयेत, मुंबईच. व्हीलचेअर आजच सांगितली. बँकेत उद्या जातो. खेडचा अनुभव बाबांना वाचून दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आईने बॅगेतलं खोबरं काढलं पण विचारतेय, मग तिकडे वाटप कशाचं करू? भावाला फोन लावून दिला, तो म्हणाला ओला नारळ मिळतो इथे, तू फक्त ये.