मदत हवी: भाच्याचं नाव, अक्षर ओ किंवा व, अर्थ शक्यतो ‘दगड’

मंडळी, येत्या रविवारी ऐरोलीत बारसं आहे आणि आत्या म्हणून नाव शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रोहिणी नक्षत्र, म्हणजे ओ, वा, वी, वू. वहिनी केरळची, सीरियन ख्रिश्चन. त्यांच्यात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवतात आणि तिचे पप्पा त्यावर ठाम आहेत. पंचाईत अशी की आमच्या बाबांचं नाव धोंडीराम.

बाबांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीने हे नाव ठेवलं. दृष्ट लागू नये म्हणून दगडू, केरू, धोंडू ठेवायची तेव्हा रीतच होती. आता बाबाच म्हणतात, “माझा धोंडा पोराच्या डोक्यात घालू नका.” पण वहिनीचे पप्पा खूश! त्यांच्याकडे पत्रोस नाव असतं, म्हणजे पीटर. ग्रीकमध्ये पेत्रोस म्हणजे दगड. येशूने शिमोनला, म्हणजे याच पीटरला, अरामी भाषेत केफा म्हटलं, त्याचाही अर्थ दगडच. तेव्हा तोडगा निघाला की नाव नवं ठेवा, अर्थ तोच राहू दे.

नावांच्या वेबसाइट पालथ्या घातल्या. विवान कुठे ‘सूर्याचा पहिला किरण’, कुठे ‘चैतन्याने भरलेला’, आणि दोन्हीकडे मूळ संस्कृत! दुसरा अर्थ मला तर लॅटिन विवुसवरून, म्हणजे ‘जिवंत’वरून, ओढून आणलेला वाटतो. असलं काही सुचवू नका, प्लीज.

टेंभीनाकावाला: दगड नाही, पण ओ वरून आमच्याकडे आहेत. ओरेन म्हणजे पाईनचं झाड, ओर म्हणजे उजेड, दोन्ही हिब्रू. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, इथलं आमचं सिनेगॉग १८७९ सालचं. आमच्या जुन्या लोकांनी तुमच्या उलट केलं होतं, हिब्रू नावं मराठी करून टाकली. अब्राहमचा आबाजी, सॅम्युअलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी. आडनावं तर पेणकर, रोहेकर. कागदावर कोण ओळखणार?

धागाकर्ती: ओरेन छान आहे. ओर नको, शाळेत पोरं “ओर, ओरडू नको” करून जीव नकोसा करतील.

अवांतरप्रिय: अवांतर, पण राहवत नाही. आपल्याच जिल्ह्यात वारली लोकांत वारावरून नावं असतात, सोमा, बुध्या, मंगळ्या. घानामधल्या अकान लोकांतही हेच. शुक्रवारी झालेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ चे, वार शुक्रवार. बाळ कुठल्या वारचं?

धागाकर्ती: बुधवारचं. बुध्या म्हटलं तर वहिनी माहेरी निघून जाईल.

खडेतपासनीस: दगडच हवा ना? संस्कृत उपल म्हणजे दगड, रत्न. ओपल हा शब्द त्यावरूनच गेला असं मानतात. अक्षरही ओ. फक्त इंग्रजीत ते मुलीचं नाव आहे, त्यामुळे बाद. मग वज्र ठेवा. तिबेटी लोकांत, लडाख-सिक्कीमकडे मुलांचं नाव दोर्जे असतं, ते वज्रचंच भाषांतर. ‘दो’ म्हणजे दगड, ‘र्जे’ म्हणजे धनी. दगडांचा धनी, म्हणजे तुमचा धोंडीराम थेट हिमालयात! आणि मल्याळममध्ये वज्रम् म्हणजे हिरा, तेव्हा तिकडच्या आजोबांनाही समजावून सांगावं लागणार नाही.

धागाकर्ती: अहो, कमाल! बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, “हिरा चालेल, धोंडा नको.” पप्पांना आत्ताच व्हॉट्सॲप केलंय. दोन शंका. रोहिणीला वा-वी-वू आहे, मग नुसता व चालतो का? आणि रविवारपर्यंत एकमत झालं नाही तर जन्मदाखल्याचं काय?

वॉर्डऑफिसला रोज जाणारा: आमच्या गुरुजींनी रोहिणीला व चालवला होता, तुमच्या विचारून घ्या. दाखल्याची घाई नको. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, नावाची जागा कोरी ठेवली तरी चालते. वर्षभरात नाव फी न भरता घालता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत घालता येतं, पण लेट फी पडते. फक्त एकदा घातलं की बदलायला फार खेटे घालावे लागतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंग घरात आधीच पक्कं करा.

धागाकर्ती: स्पेलिंगवरून दादा-वहिनीचं आत्ताच सुरू झालंय. ‘वा’ वरूनही दगडाचं काही असेल तर लिहून ठेवा. वामन सोडून, ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव आहे.